गोट्या माठाखालीच का बसतो?

"ताई, मी अकोल्याची. आमच्याकडे गोट्या नावाचा बोका आहे, देशीच, नारंगी, पाच वर्षांचा, नसबंदीचं ऑपरेशन झालेला, वजन ५ किलो. फक्त कोरडं कॅटफूड खातो, दुसऱ्या कशाला तोंड लावत नाही. ऊन तापायला लागल्यापासून तो पाणी पितो की नाही तेच कळेना. स्वयंपाकघरात जेवणाशेजारीच प्लास्टिकचं वाडगं ठेवलंय, रोज सकाळी बोअरचं पाणी भरते, संध्याकाळी अर्धं होतं म्हणजे पीत असावा, पण तिथे पिताना मी त्याला कधी पाहिलं नाही. माठाखाली जाऊन बसतो आणि ठिबकलेलं पाणी चाटतो, नाहीतर कूलरच्या टाकीत तोंड घालतो. आजी म्हणते, 'मांजराले दूध नाही त काय पाजतेत मंग?' दादा सिरिंजने पाणी पाजतो, तर आता दादा दिसला की गोट्या दिवाणाखाली. दोन दिवस झाले शी-शूच्या रेतीच्या ट्रेमध्ये जरा जास्त वेळ बसतो, उन्हाने पोट कडक झालं असेल. आणि पुढच्या आठवड्यात खामगावला लग्न आहे, दोन दिवस त्याला घरी एकटं ठेवलं तर चालेल का?"

अगं, बाकी सगळं नंतर, आधी ते ट्रेचं. तू शेवटी शेवटी सहज लिहून टाकलंस आणि मला सगळ्या पत्रात तीच ओळ खटकली. पत्र मिळाल्या मिळाल्या तुला दोन ओळी पाठवल्याच होत्या, पण घरात बोका असलेल्या सगळ्यांसाठी परत लिहिते. बोका ट्रेमध्ये बसून कुंथत असेल तर पहिला संशय पोटाचा नाही, लघवीचा घ्यायचा. बोक्याची मूत्रनळी मांजरीपेक्षा बरीच अरुंद असते, लघवी घट्ट झाली की त्यात बारीक खडे किंवा चिकट बूच तयार होतं आणि नळी तुंबते, आणि ऑपरेशन झालेले, अंगाने भरलेले, घरातच लोळणारे, कोरडं खाणारे बोके ह्या त्रासात सगळ्यात पुढे, म्हणजे तू गोट्याचंच वर्णन केलंयस. बघणाऱ्याला दोन्हीकडचं कुंथणं सारखंच दिसतं म्हणून लोक पोट साफ नाही समजून तूप पाजतात, एरंडेल पाजतात, उद्या बघू म्हणतात. तेवढा वेळ नसतो. लघवी पूर्ण तुंबली तर २४ ते ४८ तासांत जिवावर बेततं, जे बाहेर पडायचं ते रक्तात साठतं, पोटॅशियम वाढतं आणि हृदयच बंद पडतं.

तर रेती उकरून बघ, लघवीने रेतीचे झालेले ओले गोळे किती आणि केवढे. एरवी दिवसाला दोन ते चार चांगले मोठे गोळे निघायला हवेत. सारखा ट्रेमध्ये जातोय, ओरडतोय, खालची जागा चाटत बसतोय आणि रेती कोरडीच, किंवा नुसते दोन थेंब, कधी लालसर, तर रविवार असो की रात्र, डॉक्टर गाठायचा. घरी पोट दाबून बघायचं नाही. गोळे बारीक बारीक पण होतायत असं असलं तरी दोन दिवस झालेत, म्हणजे आजच्या आज दाखव आणि लघवी तपासा असं तूच सांग. तुमच्या अकोल्यात तर पशुवैद्यकीयची पदव्युत्तर संस्था आहे, तेव्हा डॉक्टर कुठे शोधू ही अडचण तुला नाही.

आता पाण्याचं. मांजर पाणी पीत नाही ही तक्रार मला मार्च लागला की येतेच येते, आणि खरं सांगायचं तर मांजराची त्यात चूक नाही. घरातल्या मांजराचे पूर्वज आफ्रिका आणि पश्चिम आशियाच्या कोरड्या भागातले रानमांजर, त्यांनी वाटीने पाणी प्यायलंच कमी, त्यांचं पाणी शिकारीतून यायचं. उंदराच्या अंगात साधारण ७० टक्के पाणी असतं. त्यामुळे मांजराला तहान लागते उशिरा, आणि कमी पाण्यात भागवायला लघवी घट्ट करायची कला मूत्रपिंडांना चांगली येते. हे सगळं उंदीर खाणाऱ्यासाठी ठीक, पण आपण त्याला देतो कोरडे दाणे ज्यात पाणी १० टक्क्यांच्या आसपास. हिशोब करून बघ: मांजराला दिवसाला किलोमागे साधारण ४० ते ६० मिली पाणी लागतं, जेवणातलं धरून, म्हणजे गोट्याला रोजचं २०० ते ३०० मिली. तो ६०-७० ग्रॅम दाणे खात असेल तर त्यातून मिळालं फार तर ६-७ मिली. उरलेलं सगळं वाडग्यातून यायला पाहिजे, आणि वाडग्याकडे तो ढुंकून बघत नाही. कोरडं खाणारं मांजर पितं थोडं जास्त, नाही असं नाही, पण एकूण पाण्यात ते ओलं खाणाऱ्याच्या मागेच राहतं. म्हणून माझं म्हणणं नेहमी हेच असतं की मांजराला पाणी पाजायच्या मागे लागू नका, ते जेवणातून पोटात घाला. कसं ते सांगते, पण आधी त्या वाडग्याचं बघू.

संध्याकाळी वाडगं अर्धं होतं म्हणून तू निर्धास्त आहेस. ते पाणी अकोल्याची हवा पितेय गं. २०२४ च्या मे महिन्यात उन्हापायी तुमच्या जिल्ह्यात कलम १४४ लावलं होतं, त्या गावात पंख्याखाली ठेवलेलं पाणी दिवसभरात किती उडत असेल! साधा उपाय, तशाच दुसऱ्या वाडग्यात तेवढंच पाणी घे आणि गोट्या पोचणार नाही पण हवा तीच लागेल अशा जागी ठेव, फ्रीजवर वगैरे. सकाळी दोन्ही किचनच्या वजनकाट्यावर मोजायची, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी परत मोजायची. १ ग्रॅम म्हणजे १ मिली. वरचं जितकं घटलं ते हवेनं नेलं, खालचं त्याहून जितकं जास्त घटलं ते गोट्यानं. तीन-चार दिवस केलंस की अंदाज येईल, आणि तो आकडा डॉक्टरला सांगितलास तर डॉक्टर खूश होईल, कारण सहसा लोक "पितो की बऱ्यापैकी" एवढंच सांगतात.

आणि बोअरचं पाणी! हे वाचून मी कपाळाला हात लावला. अकोला म्हणजे खारपाणपट्टा, पूर्णेच्या काठचा तो सगळा भाग, अकोला, बुलडाणा, अमरावती, तिथे जमिनीखालचं पाणी खारट हे तिथल्या शाळकरी पोराला पण माहितीये. तुमच्या बोअरचं कसं आहे मला माहीत नाही, तू स्वतः एक घोट पिऊन बघ. तुला गिळवलं नाही तर त्याला का द्यायचं? तुम्ही बोअरचं पीत नाही ना, तुम्ही नळाचं, महानच्या धरणाचं पाणी माठात भरून पिता, आणि गोट्या नेमका त्याच माठाखाली बसतो. त्याला वेड लागलेलं नाहीये, घरातलं सगळ्यात चांगलं पाणी कुठे आहे ते त्याला बरोबर कळलंय. वर ते थंड आहे, ठिबकतं म्हणजे हलतं, आणि स्वयंपाकघरात असलं तरी जेवणाच्या ताटलीला चिकटून नाही. मांजराला जे जे आवडतं ते सगळं त्या एका तिवईखाली जमलंय. मग तिथेच सोय कर. माठाखाली मातीचं उथळ परळ ठेव, पसरट, गोट्याच्या मिशा काठाला घासणार नाहीत एवढं, आणि माठातलंच पाणी काठोकाठ भर. मातीचं परळ पाझरतं म्हणून पाणी गार राहतं, फक्त त्याला बुळबुळीत थर लवकर चढतो, तेव्हा रोज काथ्याने घासून उन्हात वाळवायचं, दोन परळ घेतली की आलटून पालटून वापरता येतात. नळ येतो त्या दिवशी पाण्याला ब्लीचिंगचा वास असेल तर ते ताजं न देता माठात एक रात्र बसू दे.

प्लास्टिकचं वाडगं मात्र काढून टाक, त्याला ओरखडे पडतात, त्यात घाण बसते, वास धरतो, काही मांजरांना हनुवटीला काळे दाणे येतात. स्टील, काच, चिनी माती, काहीही चालेल. आणि एकाच ठिकाणी नको. घरात तीन-चार जागी ठेव, जिथे तो दिवसभर पडलेला असतो तिथे एक, रात्री झोपतो तिथे एक, ट्रेपासून आणि जेवणापासून लांब. फिरत्या पाण्याचं फाउंटन मिळतं ऑनलाइन, काही मांजरं त्याच्यावर जाम खूश असतात, काही घाबरतात, आधी नळ बारीक सोडून बघ, त्याला आवडलं तरच पैसे घाल, आणि फिल्टर बदलायचा कंटाळा असेल तर घेऊच नकोस.

कूलरच्या टाकीचं काय ते एकदाच सांगते, झाकण लाव. टाकीतलं पाणी उडत जातं आणि क्षार मागे राहतात, ताट्यांवर तो पांढरा थर बघतेस ना, तेच सगळं टाकीतल्या पाण्यात पण असतं, आणि तुम्ही कूलरमध्ये बोअरचंच पाणी घालत असणार. वर कोणी वासाचं सेंट टाकतं, कोणी डासांसाठी फिनाईलची धार सोडतं. फिनाईल मांजराला विष आहे, त्यांच्या लिव्हरला ते पचवायला जमतच नाही. फरशी पुसायला वापरत असाल तरी बंद करा, कारण तो त्या फरशीवर चालतो आणि मग पंजे चाटतो.

आता जेवण. गोट्या दुसरं काही खात नाही म्हणतेस, तर त्याला दुसरं द्यायचंच नाही, आहे तेच ओलं करायचं. पहिल्या दिवशी त्याच्या दाण्यांवर एक चमचा कोमट पाणी, फक्त एक, नुसते वरून ओलसर होतील एवढं. कोमट अशासाठी की वास सुटतो. खाल्लं तर दोन-तीन दिवसांनी दोन चमचे, मग तीन, असं करत दोन-अडीच आठवड्यांत दाणे पाण्यात बुडेपर्यंत जायचं. मधे कुठे नाक मुरडलं तर एक पायरी मागे. घाई करून "भूक लागली की खाईल" हा प्रयोग मात्र मांजरावर करायचा नाही, माणसाच्या पोराला चालतो तो, मांजराला नाही. जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर अंगातली चरबी लिव्हरमध्ये जाऊन साचते आणि त्यातून परत आणणं अवघड होतं. त्यामुळे एक जेवण ओलं, एक त्याच्या सवयीचं कोरडं, असं सुरुवातीला ठेव. ओलं घातलं की अर्ध्या-पाऊण तासात जे उरलं ते उचलून टाक, अकोल्याच्या उन्हात ते तासाभरात आंबतं आणि मुंग्या लागतात त्या वेगळ्या.

पाऊचवालं ओलं खाणं मिळतं त्यात पाणी ८० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ८५ ग्रॅमच्या एका पाऊचमधून ६५-७० मिली पाणी त्याच्या पोटात त्याला न कळता गेलं. महाग पडतं, मान्य आहे, रोज तीन-चार पाऊच कोणाच्या खिशाला परवडणार, पण उन्हाळ्याचे तीन महिने रोज एक दिलंस आणि त्यात दोन चमचे पाणी ढवळलंस तरी फरक पडतो. तेवढे दाणे कमी कर, नाहीतर गोट्या सहा किलोचा होईल.

घरात चिकन होत असेल तर मसाला पडायच्या आधी चार तुकडे वेगळे काढून नुसत्या पाण्यात उकड, मीठ नाही, हळद नाही, कांदा-लसूण तर अजिबात नाही, कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि रश्शात शिजून त्याचा गुण जात नाही. ते पाणी गाळून गार करून बर्फाच्या ट्रेमध्ये लाव, रोज एक खडा परळात नाहीतर जेवणात. मांसाचे तुकडे वरून दोन-चार, पूर्ण जेवण म्हणून नाहीत, नुसत्या चिकनवर मांजराला कॅल्शियम वगैरे पुरत नाही. आणि सुकट, बोंबील, बाजारातून आणून मांजराला टाकायची सवय आपल्याकडे बऱ्याच घरात आहे, ते मिठात मुरलेलं असतं, उन्हाळ्यात नकोच.

आजींना काय सांगायचं? आजींच्या माहेरच्या मांजरांनी दूध पिऊन उंदीर पण खाल्ले आणि दिवसभर वावरात पण फिरल्या, त्यांचं चाललं. मोठ्या मांजराला दुधातली साखर सहसा पचत नाही, पोट बिघडतं, जुलाब झाले की पाजलेल्यापेक्षा जास्त पाणी बाहेर जातं. आजींना वाईट वाटू देऊ नकोस, त्यांना परळ भरायचं काम दे, त्या तुझ्यापेक्षा नेमाने करतील. मीठ-जिरं घातलेलं ताक नको, नारळपाणी नको, आणि माणसांचं ओआरएस पण डॉक्टरने सांगितल्याशिवाय नको, मूत्रपिंड कसे आहेत ते माहीत नसताना मीठ आणि पोटॅशियम ओतायचं नसतं.

दादाला सिरिंज ठेवून द्यायला सांग. त्याचा जीव आहे गोट्यावर, दिसतंय ते, पण जबरदस्तीने तोंडात सोडलेलं पाणी श्वासनळीत गेलं तर न्यूमोनिया होतो, आणि दिवसाला वीस-तीस मिली पाजून मिळतंय काय, मांजर घाबरून दिवाणाखाली, म्हणजे पाण्यापासून पण लांब. खरंच पाणी कमी पडलेलं असेल तर डॉक्टर कातडीखाली सलाईन देतात, पाच-दहा मिनिटांचं काम. पाणी कमी पडलंय हे ओळखायला वरचा ओठ उचलून हिरडीला बोट लावून बघ, ओली आणि निसरडी हवी, चिकट कोरडी लागली तर बिघडलंय. मानेवरची कातडी चिमटीत उचलून सोडली की झटकन खाली बसली पाहिजे, पण जाड मांजरात आणि म्हाताऱ्या मांजरात ही खूण फसवी, त्यामुळे हिरडी आणि ट्रे ह्यांच्यावरच जास्त विश्वास ठेव. एक उलटं पण लक्षात असू दे, कधी तो अचानक भराभर पाणी प्यायला लागला आणि गोळे मोठमोठे निघायला लागले, तर उन्हाळा म्हणून सोडून द्यायचं नाही, मूत्रपिंड नाहीतर शुगर तपासायची.

उन्हाच्या तडाख्याचं थोडक्यात. मांजराला घाम येतो तो पंजांच्या गाद्यांपुरता, बाकी अंग तो चाटून चाटून गार करतो, म्हणजे त्यात पण पाणीच खर्च. कुत्र्यासारखं तोंड उघडून धापा टाकायला लागला, लाळ गळतेय, हिरड्या लालभडक, चालताना झोकांडतोय, तर हे पाणी पाजायचं प्रकरण राहिलेलं नाही. सावलीत फरशीवर घे, अंग आणि पंजे साध्या पाण्याने ओले कर, पंखा लाव, आणि लगेच डॉक्टर. बर्फाचं पाणी नको. आणि हो, गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी चटके देतं तुमच्याकडे, नळ सोडून ते अंगावर ओतशील, आधी हात लावून बघ, खालच्या ड्रमातलं घे. ओल्या टॉवेलात गुंडाळून ठेवू नकोस, टॉवेल तापतो आणि आत मांजर शिजतं. मांजराचं नॉर्मलच १०१-१०२ फॅरनहाइट असतं, त्यामुळे हाताला गरम लागलं म्हणून ताप समजून पॅरासिटामॉल द्यायचा नाही, आपली एक गोळी मांजराला मारायला पुरते. हे दरवर्षी लिहिते, दरवर्षी लिहावं लागतं.

राहिलं खामगावचं लग्न. एकटं ठेवून नाही चालणार, मे महिन्यात तर नाहीच. दोन दिवसांचे दाणे एकदम वाढून आणि बादलीभर पाणी ठेवून लोक जातात, मग दुपारी लाइट जाते, कूलर बंद, खिडक्या लावलेल्या, स्लॅब तापलेला, आणि परळ कोरडं पडलेलं. शेजारचं कोणी सकाळ-संध्याकाळ येऊ शकत असेल तर चालेल. त्याला वरच्या मजल्यावर न ठेवता खालच्या खोलीत ठेव, बाथरूमचं दार उघडं राहील असं अडकवून, तिथली फरशी घरात सगळ्यात गार असते, पण भरलेल्या बादल्या आधी रिकाम्या कर. लग्नाला बरोबर न्यायचा विचार सुद्धा करू नकोस, पन्नासेक किलोमीटर गाडीत आणि वर मांडवातला बँड. ट्रेचं प्रकरण डॉक्टरने निस्तरलं असेल तरच शेजाऱ्यांवर सोपव, नाहीतर घरातलं कोणीतरी एक मागे राहू दे. शेजाऱ्यांकडे किल्लीबरोबर डॉक्टरचा नंबर दे, आणि दोन्ही वेळेला फोटो पाठवायला सांग, पण ट्रेचा, गोट्याचा नको. गोट्याचे फोटो गोडच येणार, त्यातून कळत काही नाही.